जड आणि सैल

कार्ल बेंझने १८८६ साली पेटंट घेतलेल्या मोटारगाडीला तीनच चाकं होती, हे आपण शाळेत सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचलेलं असतं. तीनच का, हा प्रश्न तेव्हा पडत नाही. मला तर आपली रिक्षा डोळ्यांसमोर असल्यामुळे त्यात काही वेगळं आहे असंही वाटलं नव्हतं! खरं कारण असं की इंजिन जमलं होतं, पण चार चाकांची गाडी नीट वळवायची कशी, याचं त्याला पटेल असं उत्तर मिळालेलं नव्हतं. म्हणून पुढे एकच चाक आणि ते वळवायला एक दांडा. थोडक्यात काय, मोटारगाडीच्या जन्मापासून स्टिअरिंग हा इंजिनापेक्षा चिवट प्रश्न होता.

आपल्या बैलगाडीला हा प्रश्न नाही. दोन चाकं, बैल वळले की गाडी वळते. दक्षिणेतल्या देवळांचे अवाढव्य लाकडी रथ चार चाकांचे असतात, पण ते वळवायला चाकांखाली लाकडी पाचरी सरकवतात आणि शेकडो माणसं दोर ओढत असतात. घोड्याच्या चारचाकी बग्गीत पुढचा अख्खा आस मधल्या खिळ्यावर फिरतो. घोड्याच्या चालीला ते पुरतं, पण वळणावर अशी बग्गी कलंडायची भीती फार. उपाय तसा जुना आहे. आस जागेवर ठेवायचा आणि दोन्ही चाकं आपापल्या खुंटीवर वळवायची. त्यातही वळणाच्या आतल्या बाजूचं चाक जरा जास्त, बाहेरचं जरा कमी, कारण आतल्या चाकाचं वर्तुळ लहान असतं. म्युनिकचा बग्ग्या बनवणारा गेऑर्ग लँकेन्सपर्गर याने हे करून दाखवलं आणि लंडनमधला त्याचा प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमान याने १८१८ मध्ये तिथे त्याचं पेटंट घेतलं. नाव मात्र प्रतिनिधीचं राहिलं! आजही जगभरचे इंजिनिअर त्याला आकरमानची भूमिती म्हणतात. बेंझला चार चाकांसाठी स्वतःचं पेटंट मिळालं ते १८९३ मध्ये. त्याच वर्षी त्याची 'व्हिक्टोरिया' गाडी आली. गोल चाक हातात धरून गाडी वळवायची पद्धत त्याच्याही नंतरची. १८९४ च्या पॅरिस-रूआँ शर्यतीत आल्फ्रेड व्हाशरॉन नावाच्या माणसाने आपल्या पानहार्ड गाडीला दांड्याऐवजी चाक बसवलं होतं.

हे सगळं मी गेले दोन महिने का वाचत बसलोय, ते आता सांगतो.

आमची मिनीव्हॅन वीस वर्षांची झाली. मीटरवर दोन लाख बारा हजार मैल. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण जे झालंय तो दोष वयाचा आहे आणि इतकी वर्षं इमानेइतबारे राबलेल्या गाडीची म्हातारपणी बदनामी कशाला करायची. या गाडीतून आई-बाबांना दोनदा नायगारा दाखवून आणला. मुलींच्या शाळा, भरतनाट्यम्, गणपतीच्या दिवसांत मंडळाची भांडी आणि सतरंज्या, सगळं हिनेच वाहिलं. मधल्या सीटवर आमरसाचा एक डाग आहे, तो काही जात नाही.

आता मुली बाहेर पडल्या, आम्हा दोघांना एक छोटी गाडी पुरते. आणि दादाचा मुलगा एम्. एस्. करायला ओहायोत आलाय. तिथे गाडीशिवाय दूध आणणंही कठीण. तर ही व्हॅन त्याला द्यायची असं दिवाळीत ठरलं. त्याने लायसन्स काढलं, विम्याची चौकशी केली, मित्रांना सांगूनही टाकलं. आणि जानेवारीत व्हॅनचं स्टिअरिंग बिघडलं.

आधी आवाज. थंडीच्या सकाळी गाडी सुरू करून चाक फिरवलं की पुढून कण्हल्यासारखा सूर यायचा. मग बायकोने सांगितलं, की लायब्ररीच्या पार्किंगमध्ये वळवताना 'चाक कुणीतरी पलीकडून ओढून धरतंय' असं वाटलं. मग गाडी उभी असते तिथे सिमेंटवर लाल तेलाचे ठिपके दिसायला लागले. शेवटी हायवेवर, सरळ रस्त्यावर, चाक बोटभर इकडेतिकडे हललं तरी गाडीला पत्ताच नाही, असं. साताऱ्यात याला 'प्ले आलाय' म्हणतात.

फोनवर हे ऐकून वहिनी एकदम गप्प झाली आणि दादाने विचारलं, "घाटात वळणावर लॉक झालं तर रे?" न्यू जर्सीहून ओहायोला जायचं म्हणजे पेनसिल्व्हेनियाचे डोंगर ओलांडून पाचशे मैल. पोराला इथे गाडी चालवायला लागून तीन महिने झालेले. "होईल रे काही नाही" असं म्हणून भागण्यासारखा प्रश्न नव्हता. म्हणून हा लेख. तुम्ही दोघं वाचणार आहात हे धरूनच लिहितोय.

सगळ्यात आधी दादासाठी एक खुलासा. व्हॅन म्हटलं की साताऱ्यात अजून मारुतीची व्हॅनच डोळ्यांसमोर येते. ती १९८४ मध्ये आली, पुढे तिचं नाव ओम्नी झालं, २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. आठशे किलोच्या आसपास वजन, अरुंद टायर, आठशे सीसीच्या आतलं इंजिन पुढच्या सीटखाली आणि जोर मागच्या चाकांवर. तिला स्टिअरिंगसाठी बाहेरची मदत लागली नाही ती यामुळे. माणसाचे दोन हात पुरत होते. आमची इथली मिनीव्हॅन तिच्या दुपटीहून जड आहे, आणि इंजिन, गिअरबॉक्स दोन्ही पुढच्या चाकांच्या डोक्यावर बसलेले. ती नुसत्या हातांनी वळवायची म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचंय त्याने तात्यामामाला आठवावं.

तात्यामामा एस. टी. वर ड्रायव्हर. आमच्या लहानपणी त्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नव्हतं. ते परातीएवढं चाक तेवढं मोठं का असायचं, तर तरफेच्या नियमाने. चाक जितकं मोठं तितका हाताला जोर कमी लागतो, पण फिरवावं मात्र जास्त लागतं. पसरणी घाटाच्या वळणावर मामा सीटवरून अर्धवट उठायचा आणि अंगाचा भार चाकावर टाकायचा. आम्हा पोरांना ती ऐट वाटायची! दंड असे, की तयार शर्ट त्याला बाहीत बसायचे नाहीत. आणि रिटायर झाल्यावर त्याच मामाला उजवा हात वर करून फळीवरचा डबा काढता येत नव्हता, हे दादा, तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. तू त्याच्याजवळ राहिलास.

पॉवर स्टिअरिंग म्हणजे बायकांना पार्किंग सोपं जावं म्हणून काढलेली चैन, असा एक समज इथेही होता आणि आपल्याकडेही होता. (आमच्या कॉलनीतले एक काका 'लेडीज स्टिअरिंग' म्हणायचे.) इतिहास वाचला की हा समज टिकत नाही. ज्याच्या नावावर हा शोध प्रामुख्याने लागतो तो फ्रान्सिस डेव्हिस हा पिअर्स-ॲरो या कंपनीच्या ट्रक विभागाचा मुख्य इंजिनिअर होता. पिअर्स-ॲरो म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोची, श्रीमंतांच्या मोटारींसाठी प्रसिद्ध कंपनी. पण डेव्हिसच्या डोळ्यांसमोर होते अवजड ट्रक आणि ते वळवता वळवता दमणारे दांडगे ड्रायव्हर. म्हणजे सगळे तात्यामामाच!

कल्पना त्याच्याआधीही लोकांना सुचली होती. अमेरिकेत १९०० सालीच रॉबर्ट ट्वायफर्ड नावाच्या माणसाने यंत्राच्या जोराने स्टिअरिंग फिरवण्याचं पेटंट घेतलेलं आहे. पण पेटंट घेणं वेगळं आणि रोज चालणारी वस्तू करणं वेगळं. डेव्हिसने १९२२ मध्ये नोकरी सोडली, मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावी छोटासा वर्कशॉप भाड्याने घेतला आणि जॉर्ज जेसप या कसबी कारागिराला बरोबर घेऊन कामाला लागला.

त्याच्यापुढची खरी अडचण कोणती होती, तर गळती. तेलाच्या दाबाने मोठी वजनं हलवता येतात हे तेव्हाही माहीत होतं. पण त्या काळच्या हायड्रॉलिक यंत्रांत तेल कायम दाबाखाली कोंडून ठेवायचे आणि लागेल तेव्हा व्हॉल्व्ह उघडायचे. मोटारीत, खड्ड्यांत, थंडीवाऱ्यात, सतत दाबाखाली कोंडलेलं तेल कुठून ना कुठून वाट काढणारच. डेव्हिसने उलटा विचार केला. व्हॉल्व्ह एरवी उघडाच ठेवायचा. पंप तेल फिरवत राहील, तेल आरामात जाऊन परत येईल, दाब जवळपास नाहीच. ड्रायव्हरने चाक वळवलं की तेवढ्यापुरती वाट अरुंद होईल आणि दाब तयार होईल, तोही ज्या बाजूला हवा त्याच बाजूला. हात सैल सोडला की पुन्हा वाट मोकळी. मला या संबंध कथेत हीच गोष्ट सगळ्यात आवडली. इतकी सोपी, आणि तरी कुणाला तरी पहिल्यांदा सुचावी लागते.

१९२६ मध्ये हे स्टिअरिंग बसवलेली पिअर्स-ॲरो गाडी त्याने डेट्रॉइटवाल्यांना दाखवली. जनरल मोटर्सने करार केला. कॅडिलॅकमध्ये ते येणार असं ठरत आलं, आणि मग महामंदी आली. जेमतेम खपणाऱ्या महागड्या मोटारींसाठी एवढा खर्च कोण करणार? १९३४ मध्ये जनरल मोटर्सने अंग काढून घेतलं. नंतर बेंडिक्स कंपनीशी करार झाला, पण साध्या गिऱ्हाइकाच्या मोटारीत ते काही पोचलं नाही. पोचलं ते रणांगणावर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी सैन्याच्या चिलखती गाड्यांना ही मदत लागली. पोलादी पत्रा लावलेली गाडी उबडखाबड रानात वळवणं हे कुठल्याच जवानाच्या हातांचं काम नव्हतं.

आणि शेवटी १९५१ मध्ये क्रायस्लर कंपनीने इम्पिरियल गाडीत 'हायड्रागाइड' नावाने पॉवर स्टिअरिंग दिलं. दुकानात जाऊन विकत घेता येईल अशा मोटारीत पहिल्यांदाच. गंमत अशी की ते डेव्हिसच्या पेटंटांवर आधारलेलं होतं, पण पेटंटांची मुदत तोवर संपली होती, त्यामुळे क्रायस्लरला त्याला काही द्यावं लागलं नाही! मग जनरल मोटर्सला जाग आली. त्यांनी डेव्हिसला पुन्हा बोलावलं आणि १९५२ पासून कॅडिलॅकमध्ये त्याची व्यवस्था आली. बिचाऱ्याला पंचवीस वर्षं थांबून का होईना, पैसे मिळाले.

क्रायस्लरचं नाव इथे आलंच आहे, तर मिनीव्हॅनचंही सांगून टाकतो. गॅरेजमध्ये मावेल एवढी बुटकी, आत सपाट तळ, बाजूला सरकता दरवाजा, अशी घरगुती व्हॅन करावी ही कल्पना हॅल स्पर्लिक फोर्डमध्ये असताना मांडत होता. दुसऱ्या हेन्री फोर्डला ती नको होती. स्पर्लिकला १९७६ मध्ये काढलं, तो क्रायस्लरमध्ये गेला. १९७८ मध्ये ली आयकोकालाही फोर्डने काढलं, तोही तिकडेच गेला. क्रायस्लर तेव्हा बुडायच्या बेतात होती. सरकारने दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला हमी दिली तेव्हा ती वाचली. नोव्हेंबर १९८३ मध्ये कॅनडातल्या विंडसरच्या कारखान्यातून पहिल्या मिनीव्हॅन बाहेर पडल्या. तळ सपाट आणि खाली ठेवायचा, तर इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांबलचक शाफ्ट काढून टाकायला हवा. म्हणजे गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाणार. म्हणजे इंजिनाचं वजन पेलणं, गाडी ओढणं आणि वळवणं ही तिन्ही कामं पुढच्या दोन चाकांवर. आजीला साडी सावरत सहज चढता यावं एवढी कमी उंची आपल्याला मिळाली, त्याची किंमत आहे ही. आणि ती पॉवर स्टिअरिंगने चुकती केली.

आता आमच्या गाडीच्या पोटात शिरू. स्टिअरिंगचा शाफ्ट खाली जातो, त्याच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन. ते एका आडव्या दातेरी दांडीत, म्हणजे रॅकमध्ये अडकलेलं. चाक फिरवलं की दांडी डावी-उजवीकडे सरकते. दोन टोकांना टाय रॉड आणि त्यांची टोकं, ज्यांना आपल्याकडे मेकॅनिक नुसतं 'एंड' म्हणतात, ती चाकांना वळवतात. (बेंझच्या १८८६ च्या तीनचाकीतही दातेरी पट्टीच होती. फिरून फिरून भोपळे चौकात!) शाफ्ट आणि पिनियन यांच्यामध्ये एक बारीक पोलादी सळई असते. आपण चाक वळवलं की ती किंचित पिळली जाते आणि त्या पिळाने व्हॉल्व्हची एका बाजूची वाट अरुंद होते. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणाऱ्या पंपाचं तेल मग रॅकमधल्या दट्ट्याला त्या बाजूने ढकलतं. हाताला जितकं जड लागेल तितका पीळ जास्त आणि मदतही जास्त. डेव्हिसचीच कल्पना, फक्त आकार बदललेला.

आणि आता दादाच्या प्रश्नाचं उत्तर. तेल संपलं, पंप बसला, पट्टा तुटला, तर काय होतं? ती सळई थोडी पिळते, मग तिच्या भोवतीच्या खाचा एकमेकींना टेकतात आणि तुमचा हात सरळ पिनियनला जोडला जातो. लोखंडाला लोखंड. गाडी वळते, पण तात्यामामासारखी वळते. स्टिअरिंग जड होतं, लॉक होत नाही. त्यातही सगळ्यात जड लागतं ते गाडी उभी असताना, कारण तेव्हा टायर जागच्या जागी रस्त्यावर घासावा लागतो. वेगात असताना तुलनेने कमी जोर लागतो. म्हणूनच बायकोला ते लायब्ररीच्या पार्किंगमध्ये जाणवलं, हायवेवर नाही. मदत करणारा गेला तरी मूळ काम करणारा जागेवर राहिला पाहिजे, हे पथ्य या यंत्रात पाळलेलं आहे.

थंडीत जड आणि गरम झाल्यावर ठीक, हा प्रकारही जुना आहे. १९८० च्या दशकात जनरल मोटर्सच्या कित्येक गाड्यांना ही खोड होती. व्हॉल्व्हवरच्या कडक कड्या ॲल्युमिनियमच्या घरात फिरून फिरून खाचा पाडायच्या, थंडीत तेल त्या खाचांतून आतल्या आत पळायचं आणि सकाळची पहिली काही मिनिटं मदतच मिळायची नाही. मेकॅनिक लोकांनी त्याचं नाव ठेवलं होतं 'मॉर्निंग सिकनेस'. हो, तेच, डोहाळ्यातलं! आमच्या गाडीचं दुखणं मात्र बाहेरच्या गळतीचं निघालं. रॅकच्या टोकाची सीलं म्हातारी होऊन चिरली होती, तेल रबरी बुटात साठून तिथून ठिबकत होतं. शिवाय इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने तेलाची एक लोखंडी नळीही गंजली होती. तेल कमी झालं की पंप हवा ओढतो आणि कण्हतो. झाला सगळ्याचा उलगडा.

पण मी वर प्ले आल्याचं लिहिलं होतं, त्याचं काय? माझ्या मते खरी काळजीची गोष्ट तीच होती, आणि घरात कुणी तिच्याबद्दल बोलत नव्हतं. सगळे 'जड होतंय' यावर चर्चा करत होते. जड झालेलं स्टिअरिंग ओरडून सांगतं, हात दुखवतं, तुम्हाला गॅरेजमध्ये जायला लावतं. सैल झालेलं काही बोलत नाही. उलट मदत जोरात असेल तर ते हाताला छान हलकं लागतं. तेलाच्या बाजूची सगळी व्यवस्था बंद पडली तरी खाली जोडणी शिल्लक असते, पण टाय रॉडचा एंड झिजून खोबणीतून निसटला तर त्याच्या मागे दुसरं काहीच नाही. ते चाक हवं तिकडे जातं. पेनसिल्व्हेनियाच्या उतारावर मला भीती होती ती याची.

गॅरेजवाला इथलाच, साठीचा, कमी बोलणारा माणूस आहे. त्याने गाडी लिफ्टवर चढवली आणि पुढचं चाक घड्याळात तीन आणि नऊ जिथे असतात तिथे दोन हातांनी धरून झटके दिले. उजव्या चाकाला टक् टक्. मग मला बोट लावायला सांगितलं एंडच्या सांध्यावर. तो आतल्या आत उडी मारत होता, स्पष्ट कळत होतं. मग त्याने बारा आणि सहाला धरून हलवलं. ती बॉल जॉइंटची परीक्षा. तिथे काही नव्हतं. एवढी साधी तपासणी, हत्यार एकही नाही. दादा, तुझ्या गाडीचीही करून घे. चौकातला गॅरेजवाला दोन मिनिटांत करून देईल.

अंदाज निघाला चौदाशे डॉलर. पुन्हा बांधलेला रॅक, दोन्ही बाजूंचे एंड, नळी, तेल आणि अलाइनमेंट. गाडी विकायला काढली तर दोन हजार आले तरी खूप. बायकोचं म्हणणं होतं, तेवढ्यात भर घालून पोराला दुसरी काहीतरी जुनी घेऊन द्यावी. हिशोबाने तिचं बरोबर होतं. पण दुसरी जुनी म्हणजे जिच्या आत काय झिजलंय हे आपल्याला ठाऊक नाही अशी. हिच्या आत काय आहे ते मी स्वतः बोट लावून पाहिलं होतं. रात्री जेवताना दोघांनी बसून पुन्हा आकडे मांडले, आणि रॅक बदलायचं ठरलं. बाकी गाडीचे ब्रेक, टायर आणि खालचा सांगाडाही त्याच दिवशी तपासून घेतला. सांगाडा गंजलेला निघाला असता तर मी एक डॉलरही घातला नसता, हेही सांगून ठेवतो.

एक गोष्ट जाता जाता. आमची व्हॅन तेलाच्या स्टिअरिंगच्या शेवटच्या पिढ्यांपैकी. १९८८ मध्ये सुझुकीने जपानमध्ये सर्वो या चिमुकल्या गाडीत विजेच्या मोटरने मदत करणारं स्टिअरिंग आणलं. लहान इंजिनाला सतत फिरणारा तेलाचा पंप ओढणं परवडत नाही, हे साधं कारण. आज नव्या मोटारींत बहुतेक तेच असतं, दादाच्या साताऱ्यातल्या गाडीतही तेच आहे. ना तेल, ना गळती. पण तिथेही मोटर रुसली तर खाली लोखंडाची जोडणी शिल्लक असते. २०१३ मध्ये इन्फिनिटीच्या क्यू-५० गाडीत हात आणि चाक यांच्यामध्ये फक्त विजेचे संदेश ठेवले, तेव्हाही अडीअडचणीला जुळेल असा शाफ्ट आणि क्लच त्यांनी आत ठेवलाच होता. २०२३ मध्ये आलेल्या टेस्लाच्या सायबरट्रकमध्ये मात्र तो दुवाच नाही. एकाऐवजी जास्त मोटरी, एक गेली तर दुसरी, असा भरवसा. असेलही तो पुरेसा, विमानं तशी उडतातच. पण पुतण्याला पाचशे मैल पाठवायचं तर मला अजून लोखंडच बरं वाटतं. म्हातारा झालो, दुसरं काय!

काम पूर्ण व्हायला दोन दिवस लागले. मी आणि बायको आलटून पालटून तीनशे मैल चालवून आलो, वळणावळणाच्या रस्त्यांवरून मुद्दाम. चाक हलकं आहे, आणि मधोमध धरल्यावर गाडी लगेच ऐकते. पुतण्या पुढच्या महिन्यात सुट्टीत येईल, पहिल्या प्रवासाला मी शेजारी बसून ओहायोपर्यंत जाणार आहे आणि बसने परत येणार आहे. वहिनी, हे तुझ्यासाठी. त्याला दोनच गोष्टी शिकवायच्या आहेत: बॉनेट उघडून तेलाची पातळी बघणं, आणि ते तीन-नऊ धरून हलवणं.

जुना रॅक परत दिला तेव्हा साठ डॉलर परत मिळाले. तो आता कुठल्यातरी कारखान्यात जाईल, तिथे तो उघडतील, घासतील, नवी सीलं घालतील. मग तो आणखी कुणाच्या तरी व्हॅनखाली बसेल.